पहिल्या ड्युटीआधीची खरेदी: मिरजेच्या सर्जिकल दुकानात पैसे कुठं घालावेत

नर्सिंगचा निकाल लागला, इंटर्नशिप संपली, कौन्सिलची नोंदणी हातात आली, की सांगली-मिरजेतली मुलं-मुली पहिली धाव घेतात ती स्टेथोस्कोपकडं. घरचेही हौसेनं पैसे देतात. आठ-दहा हजारांचा लिटमन कंपनीचा स्टेथो गळ्यात येतो, उरलेल्या पैशात मिळतील ते पांढरे बूट घेतले जातात आणि बीपीचा कफ, म्हणजे दंडाला बांधायचा पट्टा, तर दुकानदार देईल तो. खर्चाचा हा क्रम चुकीचा आहे. जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंग करून वॉर्डात रुजू होणाऱ्यानं आधी बुटांवर खर्च करावा, मग योग्य मापाच्या कफवर, मग सेकंदकाटा असलेल्या घड्याळावर, आणि त्यानंतर स्टेथोवर. असं का, ते पुढं वस्तूवार लिहिलं आहे.

मिरजेत ही खरेदी करण्यात एक सोय आहे. १८९४ पासूनचं मिशन हॉस्पिटल, १९६२ पासूनचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्यांच्याभोवती वाढलेली खासगी रुग्णालयं यांमुळं इथं सर्जिकल सामानाची दुकानं हाकेच्या अंतरावर आहेत. वस्तू हातात घेऊन, कानात घालून, दंडाला बांधून बघता येते. ऑनलाइन शे-दोनशे वाचतील, पण ही तपासणी होणार नाही.

सगळे विचारतात म्हणून सुरुवात स्टेथोपासूनच करू.

लिटमन क्लासिक थ्री. वजन १५० ग्रॅम, एकूण लांबी ६९ सेंटिमीटर, छातीवर टेकवायची चकती स्टीलची. दोन्ही बाजूंना पडदा: मोठा ४.३ सेंटिमीटरचा, लहान ३.३ चा. याची खरी करामत पडद्यात आहे. हलक्या हातानं टेकवला की जाड, खालच्या पट्टीतले आवाज येतात. जरा दाबला की बारीक, वरच्या पट्टीतले. साध्या स्टेथोत त्यासाठी चकती उलटी करून बेलची, म्हणजे पडदा नसलेली वाटीसारखी बाजू लावावी लागते. इथंही लहान बाजूचा पडदा काढून रबरी कडी बसवली की उघडी बेल तयार होते.

नव्या हाताची पहिली चूक इथंच होते. कानात घातला, छातीवर ठेवला, काहीच ऐकू येईना, म्हणून स्टेथो बिघडलेला आहे असं समजून माणूस दुकानात परत जातो. चकती दांडीवर फिरते आणि एका वेळी एकच बाजू उघडी असते. कानात घालून पडद्यावर बोटानं अगदी हलकी टिचकी मारा. आवाज आला नाही तर खट् असा आवाज होईपर्यंत चकती फिरवा. दुसरी चूक कानातल्या टोकांची. टोकं नाकाच्या दिशेनं वळलेली हवीत, कारण कानाची वाट तशीच पुढं जाते. उलटी घातली तर टोक कानाच्या भिंतीला टेकतं आणि आवाज निम्म्यावर येतो. टोकं फार आवळत असतील तर कानाजवळच्या दोन्ही धातूच्या नळ्या धरून हळूहळू बाजूला ताणा, स्प्रिंग सैल होते; ढिली असतील तर एकमेकींकडे दाबा.

आवाज उत्तम, बांधणी टिकाऊ, यात वाद नाही. प्रश्न गरजेचा आहे. जनरल वॉर्डात सिस्टर किंवा ब्रदरला स्टेथो मुख्यतः चार कामांना लागतो. बीपी घ्यायला. दोन्ही फुफ्फुसांत हवा सारखी जाते का ते ऐकायला. पोटाचे आवाज बघायला. आणि डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधाची गोळी देण्याआधी हृदयाचे ठोके मोजायला: डाव्या बाजूला पाचव्या बरगडीच्या खालच्या फटीत, हंसळीच्या मधोमध सरळ खाली येणाऱ्या रेषेवर, पूर्ण एक मिनिट, ६० च्या खाली भरले तर गोळी थांबवून डॉक्टरांना कळवायचं. ही चारही कामं हजाराच्या आतला, कानात घट्ट बसणारा, एकनळी स्टेथो नीट करतो. एमबीबीएसच्या इंटर्नला, हृदयविभागात किंवा आयसीयूत लागलेल्याला, लहान मुलांच्या वॉर्डात काम करणाऱ्याला क्लासिक थ्रीचे पैसे वसूल होतात. बाकीच्यांनी वर्षभर थांबावं. आपल्याला कुठलं काम आवडतं ते तोवर कळलेलं असतं, आणि चांगला आवाज कशाला हवा तेही.

लिटमनच हवा असेल तर लाइटवेट टू हा नर्सिंगसाठी जास्त शहाणपणाचा. वजन ११८ ग्रॅम, किंमत बरीच कमी, चकती पाण्याच्या थेंबाच्या आकाराची. ती कफखाली सरकवता यावी म्हणून असा आकार दिला आहे. पण चकती कफखाली खोचू नका. कफ तिला दाबतो, घासतो आणि नसलेले आवाज ऐकू येतात. कफची खालची कड कोपराच्या खोबणीच्या दोन-तीन सेंटिमीटर वर बांधावी आणि चकती खाली मोकळ्या जागेत ठेवावी. दोन समांतर नळ्यांचे स्टेथो दिसायला भारदस्त असतात, पण नळ्या एकमेकींवर घासल्या की खरखर येते. रात्रपाळीच्या गडबडीत ती छातीतली खरखर वाटू शकते. ते टाळा.

स्टेथोच्या निमित्तानं एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती अजून जुन्या लोकांकडून नव्यांना शिकवली जाते. राइल्स ट्यूब, म्हणजे नाकातून जठरात सोडायची नळी, घातल्यावर सिरिंजनं हवा सोडून पोटावर स्टेथोनं ‘बुडबुड’ ऐकायची आणि नळी जठरात आहे असं लिहून टाकायचं. या खुणेवर विसंबू नका. नळी फुफ्फुसात गेली असली तरीही तसाच आवाज पोटावर ऐकू येऊ शकतो. नळीतून ओढलेल्या द्रवाचा पीएच पट्टीवर ५.५ किंवा त्याखाली आला तर ठीक. द्रव येत नसेल किंवा शंका असेल तर एक्स-रे बघितल्याशिवाय फीड सुरू करायचं नाही. दहा हजारांचा स्टेथोही इथं कामाचा नाही, आणि चूक झाली तर दूध थेट फुफ्फुसात जातं.

दुकानातली तपासणी. मिरजेत तंबोऱ्याची जवारी लावणारे कारागीर घोडीवर तारेखालचा सुताचा दोरा केसभर सरकवत कान देऊन बसतात. तेवढ्या सबुरीनं स्टेथो ऐकून घ्या. स्वतःच्या हृदयाचे दोन्ही ठोके वेगवेगळे ऐकू येतात का? दुकानाबाहेर रिक्षा जात असताना ते बुडतात का? बुडत असतील तर कानात टोकं नीट बसलेली नाहीत. दुसऱ्या मापाची लावून बघा. बनावट लिटमन बाजारात पुष्कळ आहेत. क्लासिक थ्रीच्या धातूच्या भागावर कोरलेला अनुक्रमांक असतो, तो बघा आणि बिलावर लिहून घ्या. जीएसटी बिल द्यायला दुकानदार कां-कूं करत असेल तर तिथून घेऊ नका.

निगा साधी आहे. प्रत्येक रुग्णानंतर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलनं चकती पुसायची, ड्युटी संपल्यावर नळीही. पाण्यात किंवा कुठल्याही द्रावणात बुडवायचा नाही. सॅनिटायझरची जेल, फिनेल, हायपोक्लोराइट यांनी पुसू नका. नळी मानेच्या उघड्या कातड्यावर ठेवली की अंगाच्या तेलानं कालांतरानं कडक होते, म्हणून कॉलरवरून घाला. एप्रिल-मेच्या उन्हात गाडीच्या डिकीत स्टेथो ठेवला तर तेच काम निम्म्या काळात होतं. नळीवर घालायचे फुलाफुलांचे कापडी कव्हर घेऊच नका. ते धुतले जात नाहीत आणि एका रुग्णाचे जंतू दुसऱ्याकडे नेतात.

आता कफ. या सगळ्या खरेदीत रुग्णाच्या औषधावर थेट परिणाम करणारी वस्तू हीच, आणि हिच्याकडेच कुणी बघत नाही.

कफच्या कापडाच्या आत रबरी पिशवी असते. तिची लांबी दंडाच्या घेराच्या ८० टक्के आणि रुंदी सुमारे ४० टक्के हवी. दंडाचा घेर २२ ते २६ सेंटिमीटर असेल तर १२ बाय २२ ची पिशवी, २७ ते ३४ असेल तर १६ बाय ३०, ३५ ते ४४ असेल तर १६ बाय ३६. दुकानात ‘अॅडल्ट’ म्हणून जो कफ मिळतो त्याची पिशवी बऱ्याचदा बारा सेंटिमीटरच रुंद असते. म्हणजे तो बारीक दंडाचा कफ झाला. लठ्ठ माणसाला तोच बांधला की बीपी आहे त्यापेक्षा दहा, कधी त्याहूनही जास्त एककांनी (मिलिमीटर पाऱ्यानं) वर दिसतं, आणि नसलेल्या आजाराची गोळी सुरू होते. उलटही घडतं. ऊसतोडीला आलेल्या बाईचा दंड एकवीस सेंटिमीटर भरतो. तिला मोठा कफ गुंडाळला की बीपी कमी दिसतं आणि गरोदरपणातलं वाढलेलं बीपी नजरेतून सुटतं. हे फार वाईट, कारण तिची पुढची तपासणी कधी होईल याचा भरवसा नसतो.

म्हणून दुकानात कफ उलटा करून पिशवी बाहेर काढायला सांगा आणि टेपनं मोजा. दोन कफ घ्या, एक मधला आणि एक मोठा. दोघांच्या नळ्यांची जोडणी दाब दाखवणाऱ्या एकाच मीटरला बसते ना ते बघा. काही मशीनला एक नळी लागते, काहींना दोन. शिंप्याची साधी टेप खिशात ठेवा. नव्या रुग्णाचा दंड एकदा मोजून चार्टच्या कोपऱ्यात लिहिला की पुढच्या पाळीचंही काम सोपं होतं.

मीटर कोणतं? पाऱ्याचं यंत्र अजून जुन्या वॉर्डांत दिसतं आणि आकडा देण्यात ते भरवशाचं आहे, पण नवीन घेऊ नका. पाऱ्याचा वापर थांबवण्याच्या मिनामाता करारावर भारतानं २०१८ मध्ये शिक्कामोर्तब केलं आहे, आणि फुटलं तर सांडलेला पारा झाडूनं लोटणं हेच मुळात धोक्याचं, त्याचे कण आणखी पसरतात. स्वतःसाठी घ्यायचं तर डायलचं, म्हणजे अॅनेरॉइड. डायमंड कंपनीसारखं देशी घेतलं तरी चालतं, सुटे भाग सहज मिळतात. घेताना तीन गोष्टी. हवा नसताना काटा बरोबर शून्यावर हवा. जरासा जरी बाजूला असेल तर ते यंत्र घेऊ नका. कफ एखाद्या बाटलीभोवती गुंडाळून २०० पर्यंत फुगवा, व्हॉल्व्ह बंद ठेवा आणि एक मिनिट थांबा. चारपेक्षा जास्त उतरलं तर कुठंतरी गळती आहे, बहुतेक वेळा फुग्याच्या व्हॉल्व्हमध्ये. मग व्हॉल्व्ह थोडा उघडून काटा सेकंदाला दोन-तीन एककांनी उतरवता येतो का बघा. स्क्रू अडकत, एकदम सुटत असेल तर रोजच्या कामात हैराण व्हाल.

अॅनेरॉइड पडलं की बिघडतं, आणि बिघडलेलं दिसत नाही. दर सहा महिन्यांनी ‘वाय’ आकाराच्या जोडणीनं खात्रीच्या यंत्राला जोडून ५०, १००, १५०, २०० या टप्प्यांवर आकडे पडताळा. तीनपेक्षा जास्त फरक असेल तर दुरुस्तीला द्या. डिजिटल यंत्र घरी जाऊन सेवा देणाऱ्यांना सोयीचं. वॉर्डातही चालतं, पण नाडी अनियमित असेल तर त्याच्या आकड्यावर विसंबू नका, हातानं घ्या.

यंत्र कितीही चांगलं असलं तरी पद्धत चुकली की पैसे पाण्यात. रुग्ण पाच मिनिटं शांत बसलेला हवा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, पायावर पाय नाही, दंड हृदयाच्या उंचीवर आणि आधार दिलेला. लघवी तुंबलेली नको. अर्धा तास आधी चहा, तंबाखू नको. आपल्याकडं मिसरी लावणाऱ्या बायका ‘तंबाखू खाता का’ या प्रश्नाला नाही म्हणतात, म्हणून मिसरीचं नाव घेऊन विचारा. आधी मनगटाची नाडी धरून कफ फुगवा, नाडी जिथं हरवते त्याच्या वर तीस एकक जा आणि मग स्टेथोनं ऐकत उतरवा. ही पायरी गाळली तर काही रुग्णांत आवाज मध्येच थांबतो, पुन्हा सुरू होतो आणि वरचा आकडा तीस-चाळीसनं चुकतो. १९०५ मध्ये कोरोत्कॉफनं सांगितलेले हे आवाज. पहिला ठोका वरचा आकडा, आवाज पूर्ण थांबतो तो खालचा. शेवटचा अंक दरवेळी शून्य लिहिणाऱ्याच्या चार्टवर इन्चार्ज सिस्टरचा विश्वास राहत नाही, आणि ते बरोबरच आहे.

घड्याळ. युनिफॉर्मला उलटं टांगायचं, सेकंदकाटा असलेलं घ्या. मनगटावर काही नसलं की हात मनगटापर्यंत नीट धुता येतो. साबणानं धुवायला ४० ते ६० सेकंद, हॅण्डरबनं २० ते ३०. मोबाइलवर सेकंद मोजू नका, तो वॉर्डात सगळीकडं फिरलेला असतो. घड्याळाचं मुख्य काम सलाइनचं. साध्या आयव्ही सेटला एक मिलीलिटरचे २० थेंब. ५०० मिलीची बाटली चार तासांत द्यायची तर ५०० गुणिले २० भागिले २४० मिनिटं, म्हणजे मिनिटाला ४२ थेंब; आठ तासांत द्यायची तर २१. बारीक थेंबांच्या मायक्रोसेटला ६० थेंबांचा एक मिली. पण सेटच्या पाकिटावर थेंबांचा आकडा छापलेला असतो, तो वाचूनच गणित करा. श्वास मात्र पूर्ण मिनिट मोजायचे, आणि रुग्णाला न सांगता. सांगितलं की त्याचा श्वास बदलतो.

बूट. यादीत पहिला नंबर यांना आहे कारण आठ तासांची पाळी उभ्यानं आणि चालत जाते आणि मनुष्यबळ कमी असेल तर पाळी लांबते. पूर्ण बंद बूट हवेत, वरून भोकं नकोत. सुई किंवा ब्लेड खाली पडलं तर सरळ पायावर येतं. भोकांचे रबरी क्लॉग हलके आणि धुवायला सोपे, पण या एका कारणासाठी बाद. कॅनव्हासचे पांढरे बूट स्वस्त, पण रक्त, सलाइन, लघवी सगळं शोषून घेतात. ओल्या कापडानं पुसता येईल असा वरचा भाग, खाचा असलेला रबरी तळ, टाच दोन-तीन सेंटिमीटर. खरेदी संध्याकाळी करा, पाय थोडे सुजलेले असतात. मोज्यासकट घाला आणि पुढं अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा ठेवा. दुकानदाराला विनंती करून ओल्या फरशीवर चार पावलं टाका. टाचेचा टकटक आवाज येतो का तेही ऐका, रात्री दोन वाजता वॉर्डात तो तोफेसारखा वाटतो.

दोन जोड घ्या. पावसाळ्यात ओला झालेला बूट एका रात्रीत वाळत नाही, आणि तसाच दुसऱ्या दिवशी घातला की बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. मोजे सुती, एक जास्तीचा जोड पिशवीत. पोटऱ्यांत शिरा दिसत असतील किंवा संध्याकाळी घोटे सुजत असतील तर १५ ते २० एकक दाबाचे स्टॉकिंग्ज मिळतात; ते सकाळी सूज चढण्याआधी घालायचे असतात.

युनिफॉर्मबद्दल थोडक्यात. सांगलीच्या कापड पेठेतून ६५-३५ टेरिकॉट घेऊन शिवलेला ड्रेस तयार मिळणाऱ्यापेक्षा बरा बसतो. शिवण्याआधी कापड एकदा पाण्यातून काढा. खालचे दोन खिसे खोल हवेत, वाकल्यावर कात्री बाहेर पडू नये इतके. दोन नव्हे, तीन जोड. रक्ताचा डाग थंड पाण्यात, कधीच गरम नाही, गरम पाण्यानं तो पक्का बसतो. बीटाडीनचा डाग सोडियम थायोसल्फेटच्या पाण्यानं जातो. प्रयोगशाळेत ते असतंच.

तयार ‘नर्सिंग किट’ची पाउच दुकानदार पुढं करतात. त्यात ट्युनिंग फोर्क, हातोडी, टॉर्च, कात्री सगळं असतं आणि बहुतेक सगळं हलक्या प्रतीचं. ते सोडा. वेगवेगळं घ्या: टोक बोथट असलेली चौदा सेंटिमीटरची बँडेज कात्री, पिवळसर उजेडाची आणि बाजूला डोळ्याच्या बाहुलीचं माप छापलेली पेनटॉर्च (पांढराशुभ्र एलईडी रुग्णाच्या डोळ्यांना फार होतो), एक डिजिटल थर्मामीटर. निळं आणि लाल बॉलपेन घ्या. जेल पेनची शाई स्पिरिटच्या ओल्या बोटानं पसरते आणि नोंद वाचता येत नाही. पल्स ऑक्सिमीटर वॉर्डात असतोच, स्वतःचा घ्यायची घाई नको.

आणि एक शिवलेली छोटी वही, सुटी पानं नसलेली. वॉर्डातली औषधांची नेहमीची मात्रा, फोनचे अंतर्गत क्रमांक आणि शेवटच्या पानावर कानडी. मिरजेत अथणी, चिकोडी, विजापूरकडचे रुग्ण रोज येतात, आणि सोबतच्या नातेवाइकाला प्रत्येक वेळी शोधत बसता येत नाही. ‘एल्ली नोवू?’ म्हणजे कुठं दुखतं. ‘उसिरु तगोळ्ळी’ म्हणजे श्वास घ्या. ‘ऊटा माडिदीरा?’ म्हणजे जेवलात का. इन्सुलिन देण्याआधी हा प्रश्न रुग्णाच्या भाषेत विचारता आलाच पाहिजे.